रिकामी पारडी

माय, आज भंडाऱ्याच्या मैदानावर माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली, आणि ती मी भांडून मागून घेतली होती. स्पर्धेचे साहेब हसले. म्हणाले, "बाई, तुले तं दिसतच नाही. तुले पट्टी कायले?" मी म्हटलं, "साहेब, पह्यले माह्याच डोयांवर बांधा. मंग बाकीच्यांच्या."

हे मी कुठे शिकले, तुला ठाऊक आहे. आसगावच्या बाजारात तू गोणपाटावर मरळ, झिंगे मांडून बसायचीस आणि मी तुझ्या पदराला धरून. तोलायच्या आधी रिकामा तराजू उचलून गिऱ्हाइकाला दाखवायचा, ही तुझी रीत. एकदा मी वैतागून म्हटलं, रोजचंच गिऱ्हाईक आहे, भरोसा ठेवतं, त्याला काहून दाखवतेस? तू हातावर चापट मारलीस. "भरोसा ठेवते म्हून तं दाखवाचं!" मग माझे दोन्ही हात ओढून रिकाम्या पारड्यांखाली धरलेस. "पाह्य. दोन्ही सारखे हायेत का?" मासोळीचा वास, थंडगार पितळ, आणि तू माझ्या उत्तराची वाट पाहत थांबलेली.

या शर्यतींत इतकी वर्षं कोणी पारडी दाखवलीच नाहीत गं. ज्यांना अर्धंमुर्धं दिसतं त्या मुली आणि आम्ही ठार आंधळ्या, एकाच शर्यतीत. विचारलं की ठरलेलं उत्तर, "पोरी कमी आहेत, घ्या सांभाळून." दरवेळी मी शेवटची, आणि वर लोकांच्या टाळ्या, बिचारी पळाली तरी म्हणून. त्या टाळ्यांचा मला असा संताप यायचा! मी हळू पळते की शर्यतच खोटी आहे, हेच मला कधी कळलं नाही. मग अर्ज केले, एसटीने खेटे घातले, साहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी या वर्षी आमची वेगळी शर्यत झाली, आणि कोणाला जरासाही उजेड दिसत असेल तर तोही नको, म्हणून सगळ्यांना पट्टी.

दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं वाट दाखवत सोबत पळणाऱ्या डोळस मैत्रिणीच्या. शिट्टी वाजली आणि मी अशी सुटले की तीच ओरडली, "अवं, जरा मले तं येऊ दे!"

खरं सांगू? पट्टी मागताना मनात पक्कं होतं, आता पहिला नंबर माझाच. दुसरी आले. बपेऱ्याची एक पोरगी पुढे निघून गेली, माझ्यासारखीच ठार आंधळी. मी तिच्या गळ्यात पडून इतकी बोंबलले की लोकांना वाटलं मीच जिंकले. पहिल्यांदाच माझं वजन मला बरोबर कळलं, माय!

हे मी ब्रेलचे ठिपके टोचून लिहिते आहे. तुला अक्षरही येत नव्हतं, आणि पाठवायचं तरी कुठे. तुझा तराजू अजून खुंटीला आहे. घरी आल्या आल्या पदक त्याच्या एका पारड्यात ठेवलं, त्यामुळे तो कलला आहे. उद्या काढते. आजची रात्र कललेला राहू दे.