मोरछाप आणि नागुबाईचा हात

बेळगाव,
ता. ३ मार्च १९३८

चि. चिंतामणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मंगळवार, ता. १ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. घड्याळ मी स्वतः पाहिले आहे, तेव्हा वेळेबद्दल वाद घालू नकोस.

माझी जुनी विद्यार्थिनी वासंती हिच्या मुलीच्या बारशाला निपाणीला गेले होते. वाटेत तंबाखूची वखार लागते. दारात आपल्या हिरेवाड संस्थानची गाडी उभी होती आणि एक माणूस कोयत्याने पाल्याने ठासलेल्या बोदाचे तरट फाडत होता. बोदावर आपल्या संस्थानचा मोराचा छाप होता. दहा वर्षांत निपाणीत मोरछाप बोद कोणी उघडून पाहिले नव्हते. छाप पाहायचा आणि माल आत घ्यायचा, अशी रीत होती. आत एक म्हातारी पाठमोरी बसली होती. तिने बोदात कोपरापर्यंत हात घातला, तो नाकाशी नेला आणि नकारार्थी मान हलवली. बोद बाजूला पडला आणि मागची सदलग्याची गाडी आत गेली.

मी व्यापाऱ्याला कारण विचारले. तो अदबीने म्हणाला की बाईसाहेब, तुमचा मोर आता आंधळा झाला आहे, वरून पाला कोरडा असतो आणि आत वजन वाढवायला पाणी मारलेले असते. वासंतीच्या सासऱ्यांपुढे मला मान वर करता आली नाही.

सतरा गावांचे संस्थान तुझे. रेल्वे नाही, नदीला पूल नाही, आणि शेजारी खालसा, इंग्रजी मुलखातले एवढाले बाजार. त्यांच्यापुढे आपला माल कशावर टिकत होता? नागुबाई नाक्यावर प्रत्येक बोदात हात घालायची आणि मगच छाप मारू द्यायची, एवढ्यावर. ती कल्पना तुझी होती, आणि तुझ्या उभ्या कारकिर्दीतले तेच एक शहाणपण. आता कळते की नागुबाईला दीड वर्षापूर्वी घरी बसवले आणि तिच्या जागी कोणी मॅट्रिक झालेला रघुवीर नावाचा तपासनीस आला. तो बोदाकडे लांबून पाहतो आणि फॉर्म सुरेख भरतो म्हणे.

हे कोणाच्या डोक्यातून निघाले? ता. १० पर्यंत लेखी उत्तर पाहिजे. कारभारी तू संस्थानचा असशील, मला धाकटा भाऊच आहेस.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळ.

कल्याणी


हिरेवाड,
ता. ८ मार्च १९३८

ती. आक्कास चिंतामणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. हिला वाचून दाखवले तर ती म्हणाली की आक्कांनी वर्गात उभे केल्यासारखे वाटते. मलाही तसेच वाटले, म्हणून उत्तर उभ्यानेच लिहितो आहे.

माल परत येतो हे खरे. यंदा चाळीस घरांनी तंबाखू लावला आणि निम्मा अजून अंगणात पडून आहे. ज्यांनी पाणी मारले त्यांना आम्ही ओळखले नाही, आणि ज्यांनी मारले नाही त्यांचाही माल कोणी घेत नाही. त्या न मारणाऱ्यांतला भावकू पाटील परवा कचेरीत आला आणि नुसता बसून गेला.

तू विचारलेस म्हणून सांगतो, नाहीतर सांगणार नव्हतो. तुझ्या ता. ९ ऑगस्ट १९३६ च्या पत्रातला मजकूर नकलून देतो. “ज्या संस्थानाला बाहेरच्या जगाशी स्पर्धा करायची आहे त्याचा शिक्का अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हाती असणे लाजिरवाणे आहे. तपासनीस निदान चौथी पास हवा, असा नियम कर.” मी ते राजेसाहेबांना वाचून दाखवले. त्यांना फार आवडले. मलाही आवडले, हे कबूल करतो. कागदावर ते शोभत होते. त्याच महिन्यात नियम झाला.

नागुबाईला मीच सांगितले. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढेच म्हणाली, “व्हय आप्पा. पर मग आता हात कोन घालनार?” मी म्हणालो की फॉर्ममध्ये सगळे आहे.

आता तिला बोलावू म्हटले तर ती गावात नाही. निपाणीला लेकीकडे, जयाबाईकडे, राहते असे कळते.

तुला दोष देत नाही. सही माझी आहे. धाकट्यावरची माया कमी करू नये.

चिंतामणी


बेळगाव,
ता. १९ मार्च १९३८

चि. चिंतामणीस आशीर्वाद, वि. वि.

ते वाक्य माझेच आहे. अक्षर न पाहताही ओळखले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मोजपट्टी मारून म्हणायच्या की जे लिहिता येत नाही ते तुम्हाला येतच नाही. ते मी खरे मानले आणि तीस वर्षे मुलींना तसेच शिकवले.

परवा निपाणीला जाऊन आले. जयाबाईने सांगितले की आई वखारीत आहे. त्या दिवशीची पाठमोरी म्हातारी म्हणजे नागुबाई, चिंतू. आपला मोर आंधळा आहे हे तिचाच हात त्या व्यापाऱ्याला सांगतो. मला बसायला पोते दिले, चहा मागवला आणि म्हणाली, “बाई, दुसऱ्याचा बोद टाकताना काय वाटत न्हाय. मोर बगितला की हात लई जड व्हतो.”

मी परत चल म्हटले. ती हसली. माझी बोटं काय चौथी पास झाली व्हय, असे विचारले. शिवाय हंगाम संपेपर्यंत व्यापाऱ्याला शब्द दिला आहे, आणि शब्द मोडणाऱ्यातली ती नाही. तुझी-माझी गोष्ट निराळी.

मग मी तुझे पत्र काढले आणि माझा मजकूर तिला वाचून दाखवू लागले. अंगठ्याचे वाक्य आले तशी ते गाळून पुढे गेले. तिने बोदातला हात काढला आणि म्हणाली, “बाई, मधी थांबलासा का? वाचा की.” मग तेही वाचले. तिने हातातला पाला चुरून त्याचा वास घेतला. नंतर म्हणाली की आप्पांनी त्या वक्तालाच सांगितलं होतं, बेळगावच्या मोठ्या बाईंचा सल्ला हाय म्हणून. दीड वर्ष तिला माहीत होते, आणि तरी चहा मागवला.

तेव्हा असे कर. चौथी पासाचे कलम रद्द कर. ‘तपासणी हाताने होईल’ हे जुने शब्द परत घाल. जयाबाईचा हात आईसारखाच तयार आहे, हे नागुबाईनेच सांगितले. जयाबाई यायला राजी आहे. फक्त नियम आड येतो, कारण अंगठा तीही उठवते. निम्मा माल अंगणात आहे, तो खराब व्हायच्या आत हे झाले पाहिजे. मोरावरचा विश्वास लगेच परत येणार नाही, कदाचित आपल्या हयातीत येणारही नाही. पण भावकूला कचेरीत नुसते बसवून परत पाठवू नकोस.

उत्तर लेखी पाहिजे, ता. ३१ मार्चच्या आत. ते मी नागुबाईला वाचून दाखवणार आहे. गाळावे लागेल असे एकही वाक्य त्यात लिहू नकोस.

कल्याणी