अक्काच्या पुस्तकातली आठ पानं

देवपूर, धुळे
१४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप रत्नाअक्कास,

अमृतचा साष्टांग नमस्कार. दोन्ही गुडघे हल्ली सहकार्य करत नाहीत, तेव्हा षडंग समजावा.

पत्रास कारण, तुझ्या पुस्तकाविरुद्ध एक गंभीर तक्रार. पान बेचाळीसवर तू मेघालयातल्या वसतिगृहात खानदेशी भरीत केलंस आणि वांगं लिहिलंस जांभळं. जांभळं! सत्तावीस वर्षं मेघालय, किन्नौर, अंदमान अशी मुलांना शिकवत देशभर फिरलीस, म्हणून काय आपल्या वांग्याचा हिरवा रंग विसरायचा? सात डिसेंबरला जळगावात तुझा सत्कार आहे. तिथल्या लोकांनी हे पान वाचलं असेल, तर शाल मिळेल, नारळ मिळेल, जेवणाचं सांगवत नाही.

प्रमिला म्हणते, "तिकडे मिळालं तसलं घातलं असेल त्यांनी. तुम्ही काय पेपर तपासायला बसलात?" बसलो खरा. पंचवीस वर्षं संस्कृतचे पेपर तपासलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार?

फोन तू उचलत नाहीस. पण विद्यार्थ्यांची पत्रं तू जपून ठेवतेस असं पुस्तकात वाचलं, म्हणून ही युक्ती.

इकडे सगळं ठीक. हेमांगीचं कॉलेज चालू आहे. तू पुस्तक लिहिल्यापासून ती मैत्रिणींना "माझी आत्या" एवढ्यावरच थांबत नाही, "माझी लेखिका आत्या" म्हणते. मायची तब्येत वयाला शोभेल अशी.

तुझं पुस्तक मी मायला रोज दुपारी वाचून दाखवतो. वाचून म्हणजे तुझं छापील मराठी बघायचं आणि अहिराणीत सांगायचं. तिला फार आवडतं. किन्नौरच्या बर्फात तुझी चप्पल हरवते तिथे तर ती इतकी हसली की प्रमिला स्वयंपाकघरातून धावत आली.

फक्त सातव्या प्रकरणाला मी हात लावला नव्हता. 'पेटीतलं पत्र'. ती आठ पानं एकदम उलटायची आणि त्यांच्या जागी मी एक संत्री विकणारी बाई आणून बसवली होती. ती तुला लेकीसारखी जेवायला घालते वगैरे. मायला ती बाई इतकी आवडली की पुन्हा सांग म्हणाली. दुसऱ्या दिवशी सांगायला लागलो, तर म्हणे, "काल तिले तीन पोरे व्हतात, आज चार कथाईन उनात?"

मी म्हटलं, चौथं रात्रीतून झालं. ती हसली नाही. "इतला पानं एकदम कसाले उलटस रे? तठे काय लिखेल शे? बठ्ठं वाच."

मग वाचलं. एक शब्द न गाळता. त्र्याण्णव साली तुझं नेमणुकीचं पत्र घरी आलं, ते आईनं पेटीत साड्यांखाली दडवलं, हजर व्हायची मुदत गेली, दोन वर्षं तू नरडाण्याच्या शेतात कापूस वेचलास. दुसऱ्या नेमणुकीला निघताना ते तुला सापडलं. "त्या दिवशी मी आईला शेवटचं आई म्हटलं," हे वाक्यही वाचलं.

माय भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "चांगलं लिखेल शे."

अक्का, आता विनोद पुरे. मायची तब्येत ठीक नाही. दिवाळीनंतर दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, छातीत पाणी भरतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना आता बोलवा. ती रोज विचारते, "रत्ना जळगावले येस ना?" मी हो म्हणतो. जळगाव ते धुळे किती लांब, हे मात्र विचारत नाही. तिला ठाऊक आहे, अंतर ते नव्हे.

सत्काराची पत्रिका आली. त्यात 'पेटीतलं पत्र' या प्रकरणाचं तू अभिवाचन करणार असं छापलंय. ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

ते पत्र मायनं ठेवलं नव्हतं. मी ठेवलं.

तू शेतात होतीस, पोस्टमननं माझ्या हातात दिलं. दादांचं पितृछत्र हरपून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू गेलीस तर शेत आणि माय माझ्या गळ्यात, आणि माझं कॉलेज सुटणार, एवढंच मला दिसलं. परीक्षा झाली की देईन, असं स्वतःला सांगितलं आणि ते मायच्या पेटीत तळाशी सरकवलं. तिला वाचता येत नाही आणि तिची पेटी कुणी उघडत नाही, हा त्यातला हिशोबीपणा. परीक्षा झाली तोवर मुदत गेली होती. माझं एम.ए., माझी नोकरी, हे देवपूरचं घर, सगळं तुझ्या त्या दोन वर्षांवर उभं आहे.

तू पेटीसमोर पत्र नाचवत ओरडत होतीस तेव्हा मी उंबऱ्यात उभा होतो. मायनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तुला म्हणाली, "हां, मीच ठेवं." मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत बोललो नाही. परवा तुला खरं कळवतो असं मायला म्हणालो, तर माझं मनगट धरून म्हणते, "मी म्हातारी शे. मना वर ऱ्हाऊ दे. तिले एक भाऊ तरी ऱ्हाऊ दे."

जळगावात ते प्रकरण अवश्य वाच. फक्त तिच्या नावाच्या जागी माझं घाल. मग माझ्याशी बोलू नकोस, घरात पाणी पिऊ नकोस, मी समोरही येणार नाही. पण सात तारखेची वाट बघू नकोस. आधी ये.

मला खरी भीती तुझ्या रागाची नाही. तू येशील, माय पुन्हा तुला "मीच ठेवं" म्हणेल, आणि मी पुन्हा उंबऱ्यात उभा राहून गप्प बसेन, याची आहे. मी तसाच आहे. म्हणून तू दारात यायच्या आधीच लिहून पाठवतो आहे.

ते पत्र दडवणारा,
अमृत