न मोडलेलं अंथरूण

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बँकेत पाऊल टाकताच साहेबांनी टेबलावरचा ढीग दाखवला. तीन आठवड्यांची रजा त्यांच्या डोळ्यांवर आली होती. हाताचे व्यायाम चुकवू नकोस. आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाच शिस्त लावत बसू नकोस, त्या तुझ्या वर्गातल्या नाहीत.

समोर बसून बोलायला धजलो नाही ते लिहितो. त्या दिवशी शेजारच्या काकूंना तू सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात पडलेली दिसलीस. बाहेरच्या खोलीतला दिवा चालू, अंगावर इस्त्रीची साडी, पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नाही. त्याआधी काकूंनी तुला पाहिलं होतं ते आदल्या संध्याकाळी. दवाखान्यातून मला फोन आला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, की ताई दिवा ठेवून झोपणारी नाही, म्हणजे ती संध्याकाळीच पडली असणार. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध झटक्यानंतरच्या पहिल्या साडेचार तासांत देतात. उशीर झाला तर ते देणंच धोक्याचं. माझ्या एका वाक्यापायी तुझं औषध हुकत होतं.

डॉक्टरीणबाईंना ते पटेना. त्यांनी तुझा एमआरआय करायला लावला. नंतर मला पडद्यावर दाखवलं. एकाच मेंदूची दोन तऱ्हेची चित्रं असतात. एकात इजा लगेच दिसते, दुसऱ्यात दिसायला काही तास लागतात. तुझा डाग पहिल्या चित्रात लख्ख होता, दुसऱ्यात काहीच नव्हतं. म्हणजे झटका ताजा होता, त्याच सकाळचा. औषध दिलं म्हणून आज तू बोलतेस.

यंत्राला कळलं ते सख्ख्या भावाला ठाऊक नव्हतं, याची लाज वाटते. आता एकच सांग. सकाळी पडलीस, तर रात्री झोपली होतीस कुठे?

उत्तर टाळू नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
खटपट्या

२३ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. हसू नकोस, तुझं उजव्या हाताचं कधी याहून बरं नव्हतं. एवढ्या ओळींना दोन दिवस लागले. व्यायामाच्या बाई तुझ्यापेक्षा खमक्या आहेत.

मी खुर्चीत झोपते. दाराजवळच्या. तुझे भावोजी गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं झाली. पलंगावर पडलं की उरलेली अर्धी जागा डोळ्यांसमोर येते. दिवा चालूच ठेवते. साडीही नीटच असते, कुणी आलं तर अवघडायला नको. कुणी येत नाही. दर रविवारी तू फोनवर विचारायचास, झोप लागते ना? मी लागते म्हणायचे. ते काही खोटं नव्हतं.

त्या सकाळी सहाला दूध तापवायला उठले आणि पाय गेला. दवाखान्यात मला सगळं ऐकू येत होतं, तोंडून शब्द तेवढा फुटत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं, मग फोनवर तुला विचारलं, हिला धडधाकट असं शेवटचं कुणी पाहिलं, कधी पाहिलं? तू संध्याकाळ म्हणालास हे त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ओरडून सांगायचं होतं, अरे, सहा वाजले होते. पण त्या पडून राहण्यापेक्षा तो प्रश्नच जास्त लागला. सबंध आयुष्य शाळेत हजेरी घेतली मी, आणि माझी हजेरी घेणारं कुणी नव्हतं.

इथे येऊन राहा असं मी म्हणणार नाही, तुझा संसार आहे. फक्त रोज सकाळी सातला फोन कर. बोलायला काही नसलं तरी चालेल. मी हजर म्हणेन, तू ठेवून दे. पुन्हा कधी कुणी तो प्रश्न विचारला, तर तुझ्याकडे खरं उत्तर असावं.

घरच्यांना आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू दे, आणि सात म्हणजे सात.

तुझी,
ताई