मिस ब्रॅडली मंजूला बघून गेल्या

४ मे १९७१, मंगळवार
सकाळपासून रिपरिप. धुणं स्वैपाकघरात वाळत टाकलंय, वाकून वाकून चालावं लागतं. मंजू शाळेतून आली ती स्कर्टला गवताचे हिरवे डाग घेऊन. शाळेशाळेची राउंडर्सची, म्हणजे इथल्या मुलींच्या बॅटबॉलच्या खेळाची, मॅच होती. जिंकल्या म्हणे. पण सांगत होती भलतंच. कुंपणाशी एक बाई मॅचभर छत्री धरून उभ्या होत्या, कोणाच्या आई वाटत नव्हत्या. मंजूने पार लांबून बॉल फेकला, तो थेट खांबापाशी उभ्या पोरीच्या हातात. तेव्हा त्या बाईंनी छत्री खाली घेतली. मॅच संपल्यावर खेळाच्या बाईंशी बोलल्या नि निघून गेल्या. मंजूशी एक शब्द नाही.
जेवताना हे म्हणाले, "शाळेच्या इन्स्पेक्टर असतील." मंजूने नुसते डोळे फिरवले. पंधरा वर्षांची झाल्यापासून डोळे फार फिरतात.

७ मे, शुक्र.
उलगडा झाला. खेळाच्या बाईंचा, मिसेस टर्नबुलचा, फोन. छत्रीवाल्या म्हणजे मिस ब्रॅडली. काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, मुलींची क्रिकेट टीम त्या बघतात. दर उन्हाळ्यात शाळा हिंडतात, राउंडर्स बघत. कोण लांब फेकते, कोणाच्या हातातून सुटत नाही, ते हेरतात. मुलीशी थेट बोलायचं नाही असा त्यांचा शिरस्ता. आधी शाळेच्या बाईंना विचारायचं, त्यांनी घरी विचारायचं, घरचे "या" म्हणाले की मग घरी येऊन आईबापांशी बोलायचं.
मी फोन ठेवला नि हसत सुटले. मध्यस्थ, निरोप, मग बघायला येणं. ह्यांना म्हटलं, "इंग्रजांनी हे आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून?"
हे हसले नाहीत. म्हणाले, "कधी येतायत?"

९ मे, रवि.
ऊन! दुपारभर बापलेक मागच्या बागेत. हे तिला लेगब्रेकसाठी बोटं कशी धरायची ते दाखवतायत. पुण्याला मेडिकलला असताना हे बरे टाकायचे म्हणतात. (मी पाहिलेलं नाही, लग्नानंतर फक्त ऐकलंय. पुष्कळदा.) आज चहा पिताना सहज म्हणाले, "आम्हाला कोणी बघायलाच आलं नाही गं. नाहीतर..." बिस्कीट चहात पडलं, ते चमच्याने काढत बसले.
नंतर मंजू माझ्याजवळ आली. "आई, आय रिअली वॉन्ट धिस. इतकं हवं आहे ना, की पोट दुखतंय." मी म्हटलं ओवा देऊ का. चुकलंच माझं. जवळ घ्यायला हवं होतं. मग घेतलं.

१४ मे, शुक्र.
उद्या चारला येणार. ह्यांनी दिवाणखान्याचे पडदे धुवायला लावले. बाई क्रिकेटच्या आहेत की पडद्यांच्या, विचारलं तर रागावले. उद्या शिरा करायचा असं ठरलं आहे. मी ठरवलेलं नाही.

१५ मे, शनि.
सगळं सविस्तर लिहायचंय, पण डोकं भणभणतंय.
हे स्वतःच्या घरात टाय लावून बसले. मिस ब्रॅडली वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पुरुषी बूट, आवाज मात्र गोड. शिरा आवडला, बेदाणे आधी वेचून खाल्ले. मंजू खाली येऊन खुर्चीच्या टोकावर बसली. मग ह्यांचं सुरू. मुलगी गणितात पहिली. पेटी वाजवते. पोळ्या गोल करते. (धादांत खोटं.) मिस ब्रॅडली "हाऊ लव्हली" म्हणत होत्या आणि पोळी म्हणजे काय ते त्यांना अजिबात कळलेलं नव्हतं.
शेवटी कप खाली ठेवून त्यांनी सरळ विचारलं. जूनमध्ये ट्रायल आहे, मंजिरीला पाठवाल का, आम्हाला फार आनंद होईल.
आणि हे! "ओ नो नो, मिस ब्रॅडली. शी इज व्हेरी ऑर्डिनरी. तुमच्याकडे कितीतरी चांगल्या मुली असतील. आणि पुढच्या वर्षी ओ-लेव्हल्सची परीक्षा..."
बाई क्षणभर ह्यांच्याकडे बघत राहिल्या. "ओह. आय क्वाइट अंडरस्टँड, डॉक्टर साठे." चहा संपवला, शिऱ्याची तारीफ केली, माझा हात हातात घेतला नि गेल्या.
दार लावून हे हात चोळत आत आले. "छान झालं! बाई सज्जन आहेत. आता परत विचारतील बघ."
जिन्यावर मंजू. पांढरीफटक. "बाबा, यू सेड नो."
"अगं, असं पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणायचं नसतं. हावरटपणा दिसतो. आणि स्वतःच्या पोरीचं कौतुक आपल्याच तोंडाने करायचं का?"
मलाही ते पटलं. हेही लिहून ठेवते.

१९ मे, बुध.
फोन दोनदा. एकदा हॉस्पिटल, एकदा राँग नंबर. हे म्हणतात, "थोडे दिवस जाऊ देत. उगीच घाई करणारी माणसं नव्हेत ती."

२४ मे, सोम.
काही नाही. फोन वाजला की हे जेवणावरून उठून धावतात, उष्ट्या हाताने उचलतात. आज धावले तर कोळसेवाला. मंजू बापाशी फक्त "यस" आणि "नो" बोलते. त्यातही नो जास्त. आज म्हणाली, "बाबांना मी खरंच ऑर्डिनरी वाटतो?" वाटतो म्हणाली, चिडली की तिचं मराठी असंच घसरतं. मी सुधारलं नाही. म्हटलं, "वेडे, तुझ्या बॉलचं वर्णन ते ऑपरेशन थिएटरात करतात." तिला ते खरं वाटलं नाही.

२७ मे, गुरु.
आज शेजारच्या डोरीनकडे चहाला. बोलता बोलता सगळी रामकहाणी सांगितली. ती केक कापता कापता थांबली. "बट लव्ह, ही सेड नो."
मी म्हटलं, हो, पण ते आपलं म्हणायचं म्हणून. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात, मग समोरच्याने आग्रह करायचा, मग परत थोडं नको, मग हो.
डोरीन म्हणाली, "नाही म्हणालेल्या माणसाला परत कसं विचारायचं? ते फार रूड."
एकदम लख्ख आठवलं. इथे आलो ते पहिलं वर्ष. डोरीनकडच्या त्याच खुर्चीत बसले होते. डोरीनने केक पुढे केला, मी लाजून नको म्हटलं, आणि तिने बशी उचलून कपाटात ठेवून दिली! मी घरी येऊन पाव खाल्ला आणि ह्यांना म्हटलं, काय चिकट माणसं आहेत. डोरीनला आज ते सांगितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "म्हणजे तुला हवा होता? मला वाटलं, तुला माझा केक बघवत नाही!" मग मला दोन मोठे तुकडे वाढले, न विचारता.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे बूट काढत होते. एक पायात, एक हातात, तसेच बसून राहिले. "म्हणजे ती परत विचारणारच नाही?"
"नाही."
"तिला वाटलं आपल्याला नकोय?"
"हो."
हातातला बूट खाली ठेवून म्हणाले, "मी पोरीचं वाटोळं केलं." एवढंही काही नाही म्हटलं, पण मला ह्यांची फार दया आली. भूल देणारा डॉक्टर, दिवसभर माणसांना घाबरू नका म्हणतो, आणि हा असा चेहरा.

२८ मे, शुक्र.
मिसेस टर्नबुलना फोन केला. त्या म्हणाल्या, घरच्यांनी आपण होऊन कोचकडे जायचं असं सहसा कोणी करत नाही. ट्रायलची यादीही जवळपास भरली आहे. पण मिस ब्रॅडली रविवारी मैदानावर असतात, प्रयत्न करा.
हे म्हणाले, "आपण जाऊन सांगायचं? कसं दिसेल ते?"
म्हटलं, "मुलीच्या बापाने चपला झिजवायच्या असतात. आपल्याकडचाच नियम आहे. आता तो पाळा."

३० मे, रवि.
गेलो. गाडीत हे पूर्ण वेळ इंग्रजीत तालीम करत होते. सिग्नल हिरवा झाला तरी भाषण चालूच, मागच्याने हॉर्न दिला. माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा. मंजू मागे, खिडकीकडे तोंड.
मिस ब्रॅडली गुडघ्यावर बसून चुन्याने क्रीजची रेघ मारत होत्या. हातात ब्रश, नाकावर चुना. हे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळी तालीम विसरले.
"मिस ब्रॅडली, माझी मुलगी फार चांगली आहे. तिच्यासारखा थ्रो मी पाहिलेला नाही. मी त्या दिवशी उलटं बोललो, कारण मी तिचा बाप आहे. आमच्याकडे बाप असंच बोलतात."
असं, शब्दाला शब्द. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाने कोणाचं इतकं उघड कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. माझंसुद्धा नाही.
बाई ब्रश धरून तशाच. "तुम्हाला तिने यायला हवंय का?"
"यस."
"नक्की?"
"यस. यस. प्लीज."
बाई उठल्या, गुडघे झटकले. म्हणाल्या, मला वाईट वाटलं होतं. वाटलं, तुमच्या घरी हे चालत नसेल, म्हणून पुन्हा बोलले नाही. टीममधली एक जागा विंचेस्टरच्या मुलीला गेली. आता एकच उरली आहे, आणि तिच्यासाठी मुली पुष्कळ आहेत. तेरा जूनला ट्रायलला घेऊन या. वचन देत नाही.
चिवडा पहिल्यांदा पुढे केल्यावर लगेच घेतला. ह्या लोकांचं हे बरं आहे.
परतताना मंजू पुढे वाकली आणि मागून बापाच्या गळ्यात हात टाकले. गाडी थोडी वाकडी गेली.

५ जून, शनि.
आता उलटाच ताप! हे सुटलेत. वॉर्डमधल्या सिस्टरला, पोर्टरला, दुधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं. टेबलावर आडवा झालेला पेशंटही सुटत नाही. एकजण म्हणे शुद्धीवर आल्या आल्या विचारत होता, "डिड शी गेट इन?" मंजू म्हणते, "बाबा, स्टॉप. एव्हरीवन नोज." पण हसते.
रोज संध्याकाळी बागेत प्रॅक्टिस. बॉल डोरीनच्या भाजीच्या वाफ्यातल्या र्‍हुबार्बमध्ये जातो. तिने कुंपणातली एक फळीच काढून ठेवली आहे, जाऊन आणायला.
मंजू कालपासून नीट जेवत नाही. ओवा देऊ केला नाही.

१२ जून, शनि.
पांढरा स्कर्ट इस्त्री केला. दुसऱ्यांदा. ह्यांनी बूट पांढरे केले, मग परत केले. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, सगळे फक्त पांढरं करतायत.

१३ जून, रवि., मैदानावर
पेन्सिलने लिहितेय, बाकावर बसून. हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून.
गार वारा, ऊन. पुष्कळ मुली. सगळ्या मंजूपेक्षा उंच दिसतात. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "तू बसलीयेस म्हणून."
मंजूचा पहिलाच थ्रो यष्टीरक्षक मुलीच्या डोक्यावरून चहाच्या टेबलावर. कपबशांचा आवाज इथवर आला. मी डोळे मिटले. हे ओरडले, "लेंग्थ बघ, लेंग्थ!" मराठीत. शेजारचे आईबाप वळून बघायला लागले.
मग सावरली. पुढचे थ्रो सरळ. एका मुलीला धाव घेताना लांबून बाद केलं, बॉल थेट दांडीवर. ह्यांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की अजून दुखतोय. बोलिंगमध्ये दोन बॉल छान वळले, एक अगदीच वाईट गेला. एक कॅच सुटला. सोपा होता. विंचेस्टरची मुलगी चांगली आहे, पण तिची जागा तर ठरलेलीच आहे. खांद्याला पट्टी बांधलेली आणखी एक आहे, तीही फार चांगली. मला ती आवडत नाही, बिचारीचा काही दोष नाही.

थोड्या वेळाने
संपलं. मुली गवतावर बसल्यात. मिस ब्रॅडली आणि दोन बाया झाडाखाली उभ्या राहून बोलतायत. इथे निकालसुद्धा मुलीला सांगत नाहीत, आईबापांकडे चालत येतात. आत्ता पट्टीवालीच्या वडिलांशी बोलून झालं. ते हसतायत, पण इंग्रज माणूस, हसण्यावरून काही कळत नाही.
मंजू आमच्यापाशी येऊन बसली. केसांत गवत. म्हणाली, "तो कॅच, आई." म्हटलं, "पाहिला."
मिस ब्रॅडली आमच्याकडे वळल्या. हे उठून उभे राहिले, टाय सारखा केला. मंजूने माझा डावा हात घट्ट धरलाय. मनातल्या मनातसुद्धा मला "झालं तर झालं, नाही तर नाही" असं म्हणायची सवय. आज नाही म्हणत. मला हवंय. तिला मिळायला हवं, ह्यांनाही, आणि मला त्या दोघांपेक्षा जरा जास्तच.
बाई अजून अर्ध्या मैदानात आहेत. वाऱ्याने टोपी उडतेय, ती एका हाताने धरलीय, म्हणून तोंड दिसत नाही. सावकाश चालतायत.