तोलून दिलेलं तूप

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची आठवण निघाली की माझं तोंड कडू होतं. तुमच्या शोकसभेत मी पहिल्या रांगेत बसले होते. एकेक जण उठून तुमच्या अचूक निदानाचे गोडवे गात होता आणि मी रुमालाआड हसत होते.

घाटकोपरच्या त्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत मला काम तुम्हीच शिकवलंत, ते नाकारत नाही. माणसाकडे बघायला मात्र तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. गिरण्यांचा संप फिसकटून दोन-तीन वर्षं झाली होती. तो मालवणकडचा माणूस आठवतो? नसेलच. गिरणी सुटल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत लिफ्टमन झालेला. जेवला की पोटात कळ उठायची ती थेट पाठीत जायची. पुढे वाकून बसला की जरा बरं वाटायचं. अंगावरचे कपडे सैल झालेले. तुम्ही त्याच्या पोटाला अर्धा मिनिट हात लावलात. "गिरणीवाला, त्यात पोटदुखी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणालात आणि केसपेपरवर लिहिलंत, दारू. तो हात जोडून म्हणतोय, "सायबानूं, मी दारूक कधी हात लावूक नाय." तुम्ही पुढच्या पेशंटला बोलावताय. त्याची बायको मात्र तुमचा शब्द घेऊन घरी गेली. "डॉक्टर काय खोटा लिवतले?" म्हणाली, आणि त्या दिवसापासून तो कामावरून आला की आधी त्याचं तोंड हुंगायला लागली.

मी पोटाचा साधा एक्स-रे सुचवला. स्वादुपिंडात खडे झाले असतील तर ते त्यात पांढरे दिसतात, हे तुम्हीच शिकवलेलं. "बाई, तुम्ही नळ्या धुवा, निदान मी करतो." शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून त्याला वॉर्डात घेऊन तीन दिवसांची शौचाची तपासणी लिहून दिलीत. रोज मोजून तूप खायला घालायचं, तीन दिवसांचं शौच डब्यात साठवायचं आणि त्यात किती चरबी उतरली ते पाहायचं. स्वादुपिंड कामातून गेलं असेल तर तूप न पचता तसंच बाहेर पडतं. जेवणाचा डबा बायको घरून आणायची. रोज सकाळी मी तूप तोलून वाटी तिच्या हाती द्यायचे, भातावर घालून सगळं खायला लावा, असं बजावून.

चरबी अगदी नॉर्मल आली. तुम्ही खूष! "बघा, स्वादुपिंड ठणठणीत. पितो आणि वर शपथा घेतो." हे भर वॉर्डात, त्याच्या बायकोसमोर. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. थू तुमच्या त्या हुशारीवर.

आठ महिन्यांनी ती दोघं चेंबूरच्या कुठल्याशा डॉक्टरने काढवलेला एक्स-रे घेऊन आली. मणक्याला आडवे पांढरे खडे, तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसे. आता बायकोच भांडत होती. "ता दारू लिवलेला खोडा, सायबानूं. माका माझ्याच घोवाचा तोंड हुंगूक लावलास." तुम्ही फिल्म उजेडासमोर धरलीत, "फोटो छान आलाय" म्हणालात आणि हात धुवायला निघून गेलात. शब्द तसाच राहिला. तेवढी एक रेघ मारायला तुमचं काय जात होतं?

हे पत्र इथेच संपवून कुणाला तरी वाचून दाखवायचं मनात होतं. आता दाखवणार नाही. तिसऱ्या दिवशी रिकामी वाटी परत देताना त्याची बायको मला हळूच म्हणाली होती, "बाई, दुखत्या पोटाक तूप कोण देता? तेंका मी पेजच दिलंय. तूप देवाक निरांजनात घातलंय, तेंची दारू सुटांदे म्हणून." म्हणजे तपासणी फुकट गेली होती, आणि ती घालवली होती तुमच्याच एका शब्दाने. पुन्हा पहिल्यापासून करू, एवढंच मला सांगायचं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर पुन्हा नळ्या धुवायला सांगाल याची मला भीती वाटली. मी आकडा लिहिला, खाली सही केली आणि अहवाल तुमच्या हातात दिला.