पाखरीची मान

ता. ९ जानेवारी १८९४, कर्जत
माझ्या टांग्याची घोडी पाखरी नेहमी मान खाली घालून, सगळा भार पुढच्या पायांवर टाकून धावते. आज तिची मान दोरीने आवळून वर बांधली. काय ऐट! स्टेशनावर नागू टांगेवाला ओरडला, "आरं, वरातीला काढली काय रं घोडी?" मी मिशीला पीळ दिला.

ता. ११
ऐट गेली खड्ड्यात! नदीच्या उतारावर टांगा मागून अंगावर आला नि पाखरी पडता पडता वाचली. मान वर, पण भार पुढेच!

हाच तो उतार. दिवाळीत बायकोला, जयवंताला, बाळंतपणासाठी माहेरी कडावला नेताना घोडी इथेच गुडघ्यांवर बसली, नि आठव्या महिन्यातली ती पुढच्या फळीवर आपटली. देवाची कृपा, मायलेकी सुखरूप आहेत. पण सासऱ्यांचा, कोंडाजींचा निरोप आलाय — "जावयबापू, पोरीला मी बैलगाडीनं पोचवतो. तुमच्या टांग्यात ती बसायची नाय."

टांगेवाल्याची बायको बैलगाडीतून घरी येणार! मग मी कशाला हवा?

ता. १५
दोरी सोडली. टांगाही सोडला. लांब लगाम धरून कापणी झालेल्या भातखाचरांतून पाखरीच्या मागे पायी चालतो. बांध ओलांडताना ती मागचे पाय पोटाखाली घेते, पाठ उचलते, नि मान आपसूक कमानदार होते. कुणी न ओढता! मी खूश होऊन लगाम खेचला, की सगळं मोडतं. हात आहेत की सांडशी!

ता. १६
पोटऱ्या भरून आल्यात. तरी गेलो.

ता. २४
आता वरच्या खाचरातून खालच्यात उतरवतो. उडी नाही, घाई नाही. लगामावरची मूठ जराशी मिटायची, लगेच सैल सोडायची. आज मागचे पुठ्ठे खाली घेऊन, लगाम न ताणता, तोंड मऊ ठेवून, हळूच उतरली! तिच्या गळ्यात पडून रडलो. राबासाठी, जमीन भाजायला, पालापाचोळा पसरणाऱ्या बाया हसल्या. हसोत.

ता. ३ फेब्रुवारी
टांगा जुंपून तोच उतार! पाखरीने भार मागे घेतला नि टांगा तोलून धरला. नागू सोबत होता. म्हणाला, "ही तुझी घोडी नाय रं. कुनाची आनलीस?"

ता. ६, कडाव
जयवंताला सगळं सांगितलं — बांध, खाचरं, उतार. पोरीला थोपटत ऐकत होती. मग म्हणाली, "घोडीला मी भ्यालेच नाय. तुमी तिचं तोंड कसं खेचत व्हता, ते बघून भ्याले."

मी विचारलं, "मग येणार ना?"

"लगाम माझ्याकडं द्या. मग येते."

ता. ७, घरी
टांगा जयवंताने हाकला. मी मागे, पोर मांडीवर. उतारावर डोळे मीच मिटले. उघडले तेव्हा उतार संपला होता, नि पोर झोपेतच होती.