शिवणयंत्राची पारख

निपाणी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. सायंकाळ.

आज सूनबाईस शिवणयंत्र घेतले. मुलगा गेल्यापासून घर तिच्या सुईवरच चालले आहे. पदरी एका जुन्या हातयंत्रापुरतीच रक्कम होती. निवड चुकती, तर दुसरे घेणे शक्य नव्हते.

दुकानात दोन यंत्रे होती. एक सोनेरी वेलबुट्टीचे, दुसरे रंग उडालेले. मी वेलबुट्टीच्या यंत्रावर हात ठेवून म्हणालो, "हेच द्या."

सूनबाई माझ्यासमोर परक्याशी बोलत नाही. तिने पिशवीतून खणाचा तुकडा काढला, जाड काठ दुमडून त्याच यंत्रावर शिवण घातली आणि मुकाट्याने माझ्यापुढे ठेवला. काठावर टाके सुटले होते. येथे बायका खणाच्याच चोळ्या शिवून घेणार, हे मला का सुचले नाही? मग तोच काठ तिने दुसऱ्या यंत्रावर शिवला. एकही टाका सुटला नाही.

दुकानदार हसला. "आप्पा, सून लई हुशार हाय की! आता कुणाचं ऐकू, तुमचं का तिचं?"

राग आला. दिलेला शब्द मी आजवर फिरविलेला नाही. परंतु ते सुटलेले टाके...

"शिवणार ती आहे. तिलाच विचारा," असे म्हणून मी बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो.

आतून ऐकू आले, "रंग गेलाय, झाकण न्हाय, आन् भाव नव्याचा व्हय वो?"

आठ वर्षे ही आमच्या घरात आहे. हिचा आवाज इतका खणखणीत आहे, हे आज कळले.